एका पत्त्यावरची तीन क्लॉक

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) कंपनीच्या एएम३३५एक्स या चिपमध्ये ६६४ या पत्त्यावर एक रजिस्टर आहे. पत्ता हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पायावर मोजलेला. या बत्तीस बिटी रजिस्टरातल्या तीन बिटांशी माझा वारंवार संबंध येतो: शून्य, एक आणि दोन क्रमांकाचे बिट. चिपमध्ये पीडब्ल्यूएमचे तीन कक्ष आहेत. मोटरचा वेग किंवा दिव्याचा उजेड कमीजास्त करायचा तर सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होणारा सिग्नल लागतो, तो हे कक्ष तयार करतात. प्रत्येक कक्षात एक काउंटर असतो. त्या कक्षाच्या वाट्याचा बिट १ असेल तर त्या काउंटरला क्लॉक मिळतं, म्हणजे एकसारखे पडणारे विजेचे ठोके मिळतात, आणि तो मोजायला लागतो. बिट ० असेल तर काउंटर जागच्या जागी उभा राहतो.

मी पुण्यात राहते आणि भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान यंत्रनिर्मात्यांसाठी कंट्रोलर बोर्डांचं सॉफ्टवेअर लिहिते. पिशव्या भरणारी यंत्रं, लेबल चिकटवणारी यंत्रं, असं काम. एएम३३५एक्स हीच चिप २०१३ साली आलेल्या बीगलबोन ब्लॅक या छोट्या बोर्डावर होती, त्यामुळे विद्यार्थ्यांपासून कारखान्यांपर्यंत ती सगळीकडे पोचली. माझ्या टेबलावर तिचे निरनिराळे बोर्ड सतत येत असतात.

असाच एक बोर्ड एका पॅकिंग यंत्रातून काढून माझ्याकडे आला होता. तक्रार अशी की पट्ट्याची मोटर फिरत नाही. कर्नल, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, जुना होता आणि आधीच्या पुरवठादाराने तो आपल्यापुरता बदलून घेतलेला होता. मी पीडब्ल्यूएम चालू करायची आज्ञा दिली, सिस्टिमने ती निमूटपणे घेतली, परत विचारल्यावर ‘चालू आहे’ असंही सांगितलं. पिनवर सीआरओ, म्हणजे सिग्नलचा आलेख दाखवणारं उपकरण, लावला तर पडद्यावर सरळ आडवी रेघ. पिन बरोबर जोडलेली होती, वीज होती, रजिस्टरं लिहिली जात होती आणि वाचलीही जात होती. सगळं तपासून झाल्यावर ६६४चं रजिस्टर वाचलं. शून्य क्रमांकाचा बिट शून्य. त्या कर्नलजवळ हार्डवेअरचं जे लेखी वर्णन होतं त्यात या बिटाची नोंदच नव्हती, म्हणून तो चालू करावा हे ड्रायव्हरला कळायला मार्ग नव्हता. मूळ लिनक्स कर्नलमध्ये ही नोंद २०१३ सालीच आली आहे. ती त्या बोर्डाच्या वर्णनात घातल्यावर मोटर फिरली.

कर्नलला हार्डवेअरमधल्या क्लॉकची माहिती कशी दिली जाते, ती माहिती कशी विस्कटते आणि ती नीट लावण्यासाठी काही माणसं वर्षानुवर्षं काय करतात, हे आमच्या धंद्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नसतं. मला हे काम फार मोलाचं वाटतं. तुमच्या घरातला टीव्ही, वायफायचा राउटर, पेट्रोल पंपावरचं बिल छापणारं यंत्र, यांतल्या कितीतरी वस्तूंच्या पोटात लिनक्स आहे आणि तिथे पहिला प्रश्न क्लॉकचाच असतो.

बोर्डावर एक क्वार्ट्झचा स्फटिक असतो. बीगलबोन ब्लॅकवर तो २४ मेगाहर्ट्झचा आहे, म्हणजे सेकंदाला २ कोटी ४० लाख ठोके. चिपमधल्या प्रत्येक भागाला मात्र वेगळा वेग हवा असतो. मुख्य प्रोसेसर १ गिगाहर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला १०० कोटी ठोक्यांवर पळू शकतो. पीडब्ल्यूएमला १०० मेगाहर्ट्झ लागतं, सीरियल पोर्टला ४८. हे सगळं त्या एका स्फटिकापासून तयार करायचं. त्यासाठी चिपमध्ये पीएलएल नावाची सर्किटं असतात, ती वेग वाढवतात. डिव्हायडर तो भागून कमी करतात. मक्स हा निवडक स्विच: दोन-तीन ठिकाणांहून येणाऱ्या ठोक्यांपैकी एक निवडून पुढे पाठवतो. आणि गेट म्हणजे चालू-बंद. गेट हवंच, कारण ठोका पडला की ट्रान्झिस्टर उघडझाप करतात आणि त्यात वीज खातात; वापरात नसलेल्या भागाचं क्लॉक बंद केलं तरच बॅटरी टिकते आणि चिप थंड राहते. पीएलएल, डिव्हायडर, मक्स आणि गेट एकमेकांना जोडत गेलं की एक झाड तयार होतं. मुळाशी स्फटिक, टोकाला पीडब्ल्यूएम, सीरियल पोर्ट, यूएसबी, मेमरी कार्ड.

आता कर्नलला हे झाड माहीत नसेल, किंवा चुकीचं माहीत असेल, तर काय होतं? सीरियल पोर्टचं उदाहरण घेऊ. १,१५,२०० बॉड हा नेहमीचा वेग. पोर्टचं क्लॉक ४८ मेगाहर्ट्झ; हार्डवेअर ते आधी १६ने भागतं, उरतात ३० लाख. ३० लाखांना १,१५,२००ने भागलं की २६.०४ येतात. कर्नल २६ धरतो. प्रत्यक्ष वेग होतो १,१५,३८५च्या आसपास. फरक ०.१६ टक्के, एवढा समोरचं यंत्र सहज पचवतं. पण वर्णनात कोणी ४८ऐवजी २४ लिहिलं, तर कर्नल २६च्या जागी १३ने भागेल. त्याच्या हिशोबाने सगळं बरोबर असेल आणि तारेवरून अक्षरं मात्र दुप्पट वेगाने जातील. समोरच्या पडद्यावर नुसता कचरा दिसेल. कर्नल कुठेही चूक झाल्याचं सांगणार नाही, कारण त्याला दिलेल्या माहितीप्रमाणे तो अचूक वागला आहे. क्लॉकच्या चुका अशाच असतात. त्या एरर देत नाहीत.

हे झाड पूर्वी कर्नलच्या सी भाषेतल्या कोडमध्येच लिहिलेलं असायचं. एआरएम प्रोसेसरच्या, म्हणजे एएम३३५एक्ससारख्या चिपांच्या, जगात प्रत्येक चिपकंपनीची आपली वेगळी पद्धत होती. ‘क्लॉक चालू कर’, ‘वेग सांग’ हे बोलणं सगळ्यांचं सारखं होतं, ते रसेल किंग यांनी आखून दिलं होतं. पण त्यामागची यंत्रणा प्रत्येक चिपघराण्याने स्वतंत्र बांधलेली. त्यामुळे एकच कर्नल दोन घराण्यांच्या चिपांवर चालवणं शक्यच नव्हतं. नवी चिप आली की हजारो ओळींची आकडेवारी कर्नलमध्ये येऊन पडे. २०११ साली लिनक्सचे जनक लायनस टॉर्व्हाल्ड्स यांनी या एआरएमच्या पसाऱ्यावर उघड संताप व्यक्त केला, आणि त्यानंतर चक्रं फिरली. २०१२ साली ३.४ या आवृत्तीत ‘कॉमन क्लॉक फ्रेमवर्क’ कर्नलमध्ये आलं. माइक टर्केट यांनी ते लिहून पूर्णत्वाला नेलं. त्याआधी जेरेमी कर यांनी त्याचा पाया घातला होता. गेट, डिव्हायडर, मक्स यांची एकच यंत्रणा सर्वांसाठी झाली. कोणत्या क्लॉकवर किती जण अवलंबून आहेत याची मोजणीही तीच ठेवायला लागली.

दुसरा बदल जास्त खोल होता. चिपची आकडेवारी कोडमधून बाहेर काढून वेगळ्या फाइलमध्ये लिहायची. या फाइलला डिव्हाइस ट्री म्हणतात. ही कल्पना जुनी आहे, सन कंपनीच्या ओपन फर्मवेअरमधून आलेली. १९९४ साली तिचं आयईईई मानकही झालं होतं. पॉवरपीसी प्रोसेसरवरच्या लिनक्सने ती आधी स्वीकारली, मग २०११च्या सुमारास एआरएमने. डिव्हाइस ट्री ही साधी वाचता येणारी टेक्स्ट फाइल असते. तिच्यात प्रत्येक भागाचा एक नोड, नोडला नाव, पत्ता, आणि तो कुणाकडून क्लॉक घेतो, वीज घेतो, याची नोंद. कंपायलर तिचं लहानसं बायनरी रूप करतो आणि बोर्ड सुरू होताना सगळ्यात आधी चालणारा बूटलोडर ते कर्नलच्या हातात देतो.

आपल्याकडच्या वाचकाला हे सात-बारा उताऱ्यावरून पटकन कळेल. तहसील कचेरीतल्या माणसाने तुमचं शेत पाहिलेलं नसतं. उताऱ्यावर गट नंबर, क्षेत्र, धारकाचं नाव, विहीर आहे की नाही, हे जे लिहिलं असेल त्यावर तो निर्णय घेतो. कर्नल त्या कचेरीसारखा आहे आणि डिव्हाइस ट्री हा त्या चिपचा उतारा. एएम३३५एक्सच्या उताऱ्यात २०१४ साली, ३.१४ आवृत्तीच्या वेळी, क्लॉकचं सगळं झाड लिहिलं गेलं. टेरो क्रिस्टो यांनी टीआयच्या चिपांची आकडेवारी सी कोडमधून डिव्हाइस ट्रीत आणली. अतिशय चिकाटीचं काम. आणि तिथेच ६६४चा घोळ जन्माला आला. रजिस्टर एक, त्यातली क्लॉक तीन. लिहिताना प्रत्येक क्लॉकला स्वतंत्र नोड दिला गेला आणि तिन्ही नोडांचा पत्ता ६६४च लिहिला गेला. कोणता बिट कुणाचा हे टीआयच्या स्वतःच्या एका खास शब्दाने आत कुठेतरी सांगितलेलं. म्हणजे एकाच गटाचे तीन उतारे, तिन्हींवर एकच गट नंबर, आणि हिस्सा क्रमांकाचा रकाना कोरा.

कर्नल चालत होता, मोटरी फिरत होत्या. मग बिघडलं कुठे? डिव्हाइस ट्रीचा कंपायलर नियमाचा पक्का. एका पातळीवर दोन नोडांचा पत्ता सारखा दिसला की तो कडक तपासणीत वॉर्निंग देतो. टीआयच्या जुन्या चिपांमध्ये एका रजिस्टरात अनेक क्लॉक बसवण्याची पद्धत सर्रास होती, त्यामुळे वॉर्निंगांचा ढीग पडायचा. मी या कुटुंबातल्या बोर्डाची फाइल कंपाइल केली की पडदा भरून वर सरकायचा आणि आपण नुकतीच केलेली खरी चूक त्या ढिगात दिसेनाशी व्हायची. हा या पसाऱ्याचा प्रत्यक्ष तोटा. माणूस वॉर्निंगा वाचणं सोडतो, आणि एकदा सोडलं की सगळ्याच सोडतो.

नावांचाही गुंता होता. डिव्हाइस ट्रीचा संकेत असा की नोडाचं नाव साधं, जातिवाचक असावं: क्लॉक असेल तर ‘क्लॉक’. शब्द जोडायला आडवी रेघ चालते. अंडरस्कोअर, म्हणजे खालची रेघ, टाळायची. टीआयच्या फाइलमध्ये मात्र नोडाची नावं म्हणजे चिपच्या माहितीपुस्तकातली लांबलचक नावं, खालच्या रेघांसकट. ती बदलणं सोपं वाटेल. बदलता येत नव्हती, कारण कर्नलमधला टीआयचा कोड नोडाच्या नावावरूनच क्लॉक शोधायचा. नोडाचं नाव हेच क्लॉकचं नाव. फाइल शुद्ध केली की क्लॉक हरवणार.

टोनी लिंडग्रेन हे टीआयच्या या घराण्याचे कर्नलमधले अनेक वर्षांचे मेंटेनर, म्हणजे त्या भागातले बदल तपासून स्वीकारणारे. २०२२च्या सुमारास त्यांनी ही गाठ सोडवायला घेतली. ज्या क्रमाने सोडवली तो क्रम मला फार शिकवून गेला. आधी त्यांनी कर्नलच्या कोडला एक नवी सवय लावली: नोडात क्लॉकचं नाव वेगळं लिहून ठेवलेलं असेल तर ते वापर, नसेल तर पूर्वीसारखं नोडाच्या नावावरून घे. या पायरीने फाइलमध्ये काहीच बदललं नाही. नंतर फाइलमधल्या नोडांना साधी नावं दिली आणि जुनं नाव त्याच्या हक्काच्या जागी लिहिलं. त्यानंतर एका रजिस्टरातल्या सगळ्या क्लॉकना एका आईनोडाखाली आणलं. आता ६६४ हा पत्ता फक्त आईनोडाला आहे. तिच्या पोटात तीन मुलं, आणि त्यांचे पत्ते ०, १ आणि २. हे पत्ते म्हणजे बिटांचे क्रमांक. एक गट, तीन हिस्से, प्रत्येक हिश्शाला क्रमांक. टीआयचा तो खास शब्दही पुढे २०२४च्या सुमारास गेला आणि त्याच्या जागी पत्ता लिहिण्याची सगळ्यांची नेहमीची पद्धत आली.

या क्रमाला एवढं महत्त्व का, ते सांगायला हवं. लिनक्समध्ये डिव्हाइस ट्रीबाबत एक वचन पाळलं जातं: जुन्या वर्णनावर नवा कर्नल चालला पाहिजे. आमच्या पॅकिंग यंत्रांत हे वर्णन बोर्डाच्या फ्लॅश मेमरीत एकदा लिहिलं जातं आणि पुढे दहा वर्षं कुणी त्याला हात लावत नाही. कर्नल मात्र सुरक्षिततेसाठी बदलावा लागतो. उद्या नव्या कर्नलने म्हटलं की मी आता जुन्या नावाने क्लॉक ओळखत नाही, तर चाकणपासून कोल्हापूरपर्यंतच्या यंत्रांना कुणी हात लावायचा? म्हणून सफाई करणाऱ्याला प्रत्येक पायरीवर जुनं आणि नवं दोन्ही सांभाळावं लागतं. कोड नव्याने लिहिण्यापेक्षा हे अवघड आहे असं माझं ठाम मत आहे. नवं लिहिणाऱ्याला यंत्र चाललेलं दाखवता येतं. सफाई करणाऱ्याला काहीच बदललं नाही हे दाखवावं लागतं.

काही वेळा वर्णनातली उणीव सफाईच्या आधीच अंगावर येते. कॉमन क्लॉक फ्रेमवर्क कर्नल सुरू होण्याच्या अखेरच्या टप्प्यात एक फेरी मारतं. जी क्लॉक चालू आहेत पण कुणीच मागितलेली नाहीत ती बंद करतं. वीज वाचवायची तर हे योग्यच आहे. पण बूटलोडरने एखादं क्लॉक चालू करून ठेवलेलं असतं, मेमरीचं किंवा चिपच्या आतल्या मुख्य मार्गाचं, आणि वर्णनात ते कुणाच्याच नावावर नसतं. फेरी आली की ते बंद, आणि बोर्ड जागीच गोठतो. शेवटची ओळ छापायलाही वेळ मिळत नाही. २०१४ साली स्क्रीनच्या बाबतीत याच कारणावरून मोठा वाद झाला होता. बूटलोडर पडद्यावर चित्र लावून देई, साधा फ्रेमबफर ड्रायव्हर त्यावर अक्षरं उमटवी, आणि ही फेरी आली की पडदा काळा. कारण पडद्याला क्लॉक लागतं हे त्या साध्या ड्रायव्हरच्या वर्णनात लिहिण्याची सोयच नव्हती. बऱ्याच भांडणानंतर ती सोय झाली. २०१६ साली फ्रेमवर्कमध्ये ‘हे क्लॉक कधीच बंद करू नये’ अशी खूण करण्याचीही व्यवस्था आली.

ही फेरी टाळायचा पर्याय कर्नलला सुरू होतानाच देता येतो. निदान करायला तो फार उपयोगी आहे: पर्याय दिला आणि बोर्ड गोठायचा थांबला तर समजावं की कुठलं तरी बेवारस क्लॉक आहे. पण कित्येक विक्रेते तो पर्याय कायमचा ठेवून माल विकतात. मला हे पटत नाही. क्लॉक कुणाचं ते शोधून वर्णनात लिहिणं एवढंच करायचं असतं, आणि ते एकदा केलं की त्या चिपवर काम करणाऱ्या सगळ्यांची सुटका होते.

एक नोंद मला वेगळ्या कारणासाठी आवडते. एएम३३५एक्समध्ये २४ मेगाहर्ट्झच्या एका क्लॉकपासून ३२,७६८ हर्ट्झचं क्लॉक तयार होतं. ३२,७६८ हा दोनाचा पंधरावा घात. मनगटी घड्याळातला स्फटिकही याच आकड्याचा असतो, कारण पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर एक सेकंद मिळतो. २४ मेगाहर्ट्झपासून तिथे यायचं तर ७३२.४२१९ने भागावं लागतं आणि चिपमधलं हार्डवेअर तसा अपूर्णांकी भागाकार करतं. डिव्हाइस ट्रीतल्या साध्या भागाकाराच्या नोडात मात्र भाजक पूर्णांकच लिहिता येतो. तिथे लिहिलेलं आहे ७३२. कर्नलच्या हिशोबाने येतात ३२,७८६. प्रत्यक्षात पडतात ३२,७६८. फरक अठरा ठोक्यांचा, पण या क्लॉकवर कुणी सेकंद मोजायला बसलं तर दिवसाला सुमारे सत्तेचाळीस सेकंदांनी मागे पडेल. अशा नोंदी शोधायला कंपायलर उपयोगाचा नाही, कारण नियमाप्रमाणे त्यांच्यात काहीही चूक नाही. त्यासाठी कोणाला तरी चिपचं माहितीपुस्तक उघडून त्या पानापर्यंत जावं लागतं.

वर्णन किती बारीक असावं यावर जाणकारांत मतभेद आहेत. टीआयने प्रत्येक डिव्हायडर, प्रत्येक गेट डिव्हाइस ट्रीत लिहिलं. ऑलविनर या चिनी कंपनीच्या चिपांचंही सुरुवातीला तसंच होतं. २०१६ साली, ४.८ आवृत्तीत, ऑलविनरवर काम करणाऱ्यांनी दिशा बदलली: वर्णनात क्लॉकच्या सगळ्या कारभाराचा एकच नोड ठेवायचा, आणि आतलं झाड सी कोडमध्ये लिहायचं. बाकीच्या भागांनी ‘त्या नोडातलं अमुक क्रमांकाचं क्लॉक’ एवढंच म्हणायचं. मला आता हीच पद्धत जास्त शहाणपणाची वाटते. चिपच्या आतली जोडणी एका चिपच्या सगळ्या बोर्डांवर तीच असते. ती प्रत्येक बोर्डाच्या फ्लॅशमध्ये लिहून ठेवली की एखादी चूक तिथे कायमची बसते. कोडमधली चूक पुढच्या कर्नलबरोबर दुरुस्त होते. टीआयनेही २०१७ नंतर आपल्या गेटांचा मोठा भाग याच वाटेने नेला. पण जे आधी लिहिलं गेलं आणि जगभर पसरलं ते आता पुसता येत नाही, आणि म्हणूनच त्याची सफाई करणारी माणसं लागतात.

तपासणीच्या बाबतीत गेल्या काही वर्षांत मोठी सुधारणा झाली. पूर्वी एखाद्या जातीच्या नोडात काय लिहावं याचे नियम साध्या इंग्रजी परिच्छेदांत असत. माणूस वाचणार, माणूसच अर्थ लावणार. रॉब हेरिंग यांच्या पुढाकाराने २०१९च्या आसपासपासून हे नियम यंत्राला वाचता येतील अशा साच्यात, यामल स्वरूपात, यायला लागले. आता एक आज्ञा दिली की सगळ्या बोर्डांची वर्णनं नियमांशी ताडून पाहिली जातात. मजकुराचा साचा करणं वरवर कारकुनी वाटतं. प्रत्यक्षात दर ओळीला प्रश्न उभा राहतो. नियमात म्हटलंय की या नोडाला दोन क्लॉक लागतात. बाराएक बोर्डांच्या फाइलमध्ये तीन लिहिली आहेत. ड्रायव्हर एकच मागतो. खरं काय? उत्तर तिघांपैकी कुणाकडेच नसतं. पुन्हा माहितीपुस्तक, आणि जमलं तर खरा बोर्ड.

खऱ्या बोर्डाची अडचण सर्वांत मोठी आहे. अशी सफाई करणाऱ्याजवळ प्रत्येक चिपचा बोर्ड असणं अशक्य. जुन्या चिपा बाजारातून जातात, कंपन्यांतली माणसं दुसऱ्या कामाला लागतात. बोर्ड उरतात ते आमच्यासारख्यांच्या टेबलांवर आणि कारखान्यांतल्या यंत्रांत. म्हणून मी माझ्या हाताखालच्या मुलामुलींना कामाला लागल्यावर सुरुवातीलाच एक तपासणी शिकवते. कर्नलच्या डीबग फाइलसिस्टिममध्ये ‘क्लॉक समरी’ नावाची एक फाइल असते. ती वाचली की अख्खं झाड समोर येतं: कोण कुणाच्या खाली, कोण किती जणांनी चालू ठेवलंय, वेग किती. पॅच, म्हणजे कुणी पाठवलेला कोडमधला बदल, लावण्याआधी ती उतरवून ठेवायची. पॅच लावल्यावर पुन्हा उतरवायची. दोन्ही शेजारी ठेवून फरक काढायचा. सफाईच्या पॅचने कसलाच फरक दिसता कामा नये. एखाद्या क्लॉकचा वेग शेवटच्या आकड्यात जरी बदलला तरी विचारायचं, का? त्यानंतर जुनं वर्णन नव्या कर्नलवर चालवून पाहायचं. मग पीडब्ल्यूएम २० किलोहर्ट्झवर लावायचा. १०० मेगाहर्ट्झच्या क्लॉकवर काउंटरने बरोबर ५,००० मोजले की एक चक्र पूर्ण होतं, आणि सीआरओवर ५० मायक्रोसेकंदांची चौकट दिसली पाहिजे.

सगळं जमलं की पॅच पाठवणाऱ्याला कळवायचं की आम्ही अमुक बोर्डावर तपासलं, बदल दिसला नाही. त्या पॅचखाली ‘टेस्टेड-बाय’ अशी एक ओळ वाढते आणि कर्नलच्या इतिहासात राहते. त्या ओळीच्या भरवशावर मेंटेनर पॅच घेतो. पुण्यात, नाशकात, औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांत एएम३३५एक्सचे, ऑलविनरचे आणि आणखी कितीतरी जुने बोर्ड पडून असतील. अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या कपाटांत तर खात्रीने असतील. ज्यांच्याकडे असा बोर्ड आहे, एक सीरियलची तार आहे आणि शनिवारची संध्याकाळ मोकळी आहे, त्यांनी पुढच्या कर्नलच्या चाचणी आवृत्तीवर तो सुरू करून पाहावा आणि जे दिसलं ते कळवावं.